गॉगल काळा म्हणजे डोळे सुरक्षित?

‘काच जितकी काळी, तितकं संरक्षण जास्त’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. चूक आहे. काळा रंग फक्त उजेड कमी करतो; अतिनील (यूव्ही) किरण अडवतं ते काचेचं मटेरियल किंवा त्यावरचा थर. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची पारदर्शक काचही ते जवळजवळ पूर्ण अडवते. उलट, फिल्टर नसलेल्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरणांना वाट मोकळी. म्हणून ‘यूव्ही ४००’ बघा: ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे, म्हणजे जवळजवळ सगळे अतिनील किरण अडतात. (स्टिकर काय, कुणीही चिकटवतो. चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असेल तर तपासून घ्या.)

वेल्डिंगला मात्र हाही गॉगल चालत नाही, शेड नंबरची, म्हणजे किती गडद ते नंबराने ठरलेली वेल्डिंगची काचच हवी. वेल्डिंगच्या किरणांनी होणारं डोळ्यांचं दुखणं काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डॉक्टर गाठा.