‘दिल्लीने ठरवलं की राज्य सरकार घरी’ – खरं काय?

सांगलीत मारुती चौकातल्या चहाच्या गाड्यावर राजकारण निघालं की हे वाक्य येतंच. ते पूर्ण खोटं नाही, जुनं आहे. १७ फेब्रुवारी १९८० ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार असंच बरखास्त झालं होतं. आज तसं करणं फार अवघड आहे.

अधिकार राज्यघटनेच्या कलम ३५६ चा. राज्याचा कारभार घटनेनुसार चालू शकत नाही, अशी राष्ट्रपतींची खात्री पटली, तर राष्ट्रपती राजवट लागते. राज्यपालांचा अहवाल बहुधा असतो, पण तो सक्तीचा नाही. खरी मेख पुढे आहे: दोन महिन्यांत लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हींची मंजुरी मिळाली नाही तर घोषणा आपोआप संपते. राज्यसभेत बहुमत नसलेलं केंद्र इथेच अडकतं. मंजुरी एका वेळी सहा महिन्यांची, कमाल तीन वर्षं. वर्षानंतर अटी आणखी कडक.

सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. बहुमत राजभवनात नाही, विधानसभेत मोजायचं. आणि संसदेची मंजुरी येईपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही, फार तर स्थगित ठेवायची. कोर्टाला घोषणा रद्द करून सरकार परत आणताही येतं. २०१६ मध्ये उत्तराखंडात राष्ट्रपती राजवट लागल्यावर हरीश रावत विधानसभेत बहुमत सिद्ध करून पुन्हा मुख्यमंत्री झाले.

आणि हो, राष्ट्रपती राजवटीत हायकोर्टाचे अधिकार काढून घेता येत नाहीत. चौकात हे कुणी सांगत नाही.