विक्रांत दोन, गोदावरी तीन: युद्धनौकांच्या नावांची पार्श्वभूमी

पोलीस भरती आणि अग्निवीरच्या तयारीसाठी विदर्भात आता मोठ्या गावांतही अभ्यासिका निघाल्या आहेत. तिथली सामान्य ज्ञानाची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. ‘विक्रांत नौदलात कधी दाखल झाली?’ या एकाच प्रश्नाला एकात १९६१ असं उत्तर दिसेल, दुसऱ्यात २०२२. त्यात कोणीतरी तिसरं काढतोच, “ते तं भंगारात गेली होती ना बे?” गंमत अशी की तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पहिल्या विक्रांतचं मूळ नाव ‘हर्क्युलिस’. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धासाठी ती बांधायला घेतली होती. युद्ध संपलं आणि काम थांबलं. भारताने १९५७ मध्ये ती अर्धवट अवस्थेतच विकत घेतली आणि बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतली. ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, त्यामुळे पूर्ण वेगाने धावणं शक्य नव्हतं. तरीही तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव झोडपून काढलं. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. पुढे बरीच वर्षं मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी राहिली. देखभालीचा खर्च झेपेना, तेव्हा २०१४ मध्ये लिलावात सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि तोडली गेली. तिच्या पोलादातला थोडा भाग बजाजने ‘व्ही’ या मोटारसायकलीत वापरला. ती मोटारसायकल घेऊन बाजाराला जाणारे लोक आपल्याकडेही आहेत.

नवी विक्रांत कोचीनच्या गोदीत बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ ला दाखल झाली. जुनी वीस हजार टनांच्या आत होती, ही ४५ हजार टनांच्या घरातली. पण नाव तेच, बाजूवर रंगवलेला क्रमांकही तोच, आर ११. ऋग्वेदातलं ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ब्रीदवाक्यही तेच. बांगलादेशच्या युद्धात लढलेलं जहाज आपल्याला ठेवता आलं नाही, याची चुटपुट मला नव्या जहाजाच्या कौतुकातही जात नाही. नाव जपायला खर्च येत नाही, म्हणून ते जपलं गेलं, असंही म्हणता येईल.

आपल्याकडे हयात माणसाचं नाव घरातल्या पोराला ठेवत नाहीत. आजा गेला की मग नातवाला त्याचं नाव मिळतं; सुनेला सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून ती त्या पोराला बाबू नाही तर दादा म्हणते. नौदलाचा नेम जवळपास असाच आहे. एका नावाची एकाच वेळी एकच नौका. जुनी निवृत्त झाली, बुडाली किंवा दुसऱ्या देशाला दिली, की नाव मोकळं होतं. मोकळं झालेलं नाव पुन्हा कोणाला द्यायचं, ते नौदलातली एक अंतर्गत समिती सुचवते.

ही रीत भारताने ब्रिटिश नौदलाकडून उचलली. तिथे ‘आर्क रॉयल’ हे नाव १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराशी लढलेल्या जहाजापासून चालत आलं. त्याच नावाची विमानवाहू नौका १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली, आणि नंतर आणखी दोन विमानवाहू नौकांना तेच नाव मिळालं. जुन्या नौकेने लढाईत कमावलेला मान नव्या नौकेच्या फलकावर चढतो. नव्या जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या पोराला ते जहाज कोरं वाटू नये, हा त्यामागचा हेतू.

आपल्या पाण्याशी नातं सांगणारं नाव गोदावरीचं. वर्धा आणि वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून जिला मिळतं, ती गोदावरी विदर्भाला काठ देते तो फक्त सिरोंचाकडे, गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला. समुद्रात मात्र तिच्या नावाने तीन युद्धनौका फिरल्या. पहिली १९४३ ची, रॉयल इंडियन नेव्हीची, ‘स्लूप’ प्रकारातली छोटी युद्धनौका. त्या काळी अशा सहा स्लूप होत्या आणि सगळ्यांना नद्यांची नावं होती: सतलज, जमना, नर्मदा, गोदावरी, कावेरी, कृष्णा. १९४७ मध्ये जमीन वाटली गेली तशा नौकाही वाटल्या गेल्या. चार भारताला, दोन पाकिस्तानला. पाकिस्तानच्या वाट्याला आल्या नर्मदा आणि गोदावरी! ज्या नद्यांचा थेंबही तिकडे जात नाही, त्यांची नावं ते कशाला ठेवतील? नर्मदेची ‘झेलम’ झाली, गोदावरीची ‘सिंध’. सतलज मात्र भारतीय नौदलात राहिली.

भारताकडचं गोदावरी हे नाव असं मोकळं झालं. १९५३ मध्ये ब्रिटनकडून तीन जुन्या विनाशिका उसन्या मिळाल्या. त्यांतल्या ‘बेडेल’ला गोदावरी म्हटलं गेलं, बाकी दोघी गंगा आणि गोमती. ही दुसरी गोदावरी काही मोठा पराक्रम गाजवून गेली नाही. तिसरीचं तसं नाही. ती मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली, आराखडा भारतातला, शस्त्रं रशियन, काही यंत्रणा पाश्चात्त्य, आणि पाठीवर दोन सी किंग हेलिकॉप्टरांची सोय. हा सगळा मेळ बसेल का, अशी शंका त्या वेळी अनेकांना होती; तो बसला. १० डिसेंबर १९८३ ला ती दाखल झाली, मागोमाग १९८५ मध्ये गंगा आणि १९८८ मध्ये गोमती. म्हणजे उसन्या तिघींची तिन्ही नावं घरच्या तिघींना एकत्र मिळाली. गोदावरी २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली, गोमती २०२२ मध्ये.

बुडालेल्या नौकेचं नाव पुन्हा ठेवावं का, हा प्रश्न जास्त नाजूक. अपशकुन मानणारे खलाशी सगळ्या देशांत असतात. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपल्या ‘खुकरी’ युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. हे नाव पुन्हा कोणी घेणार नाही, असं वाटू शकलं असतं. पण २३ ऑगस्ट १९८९ ला नवी खुकरी दाखल झाली. जुनीचा क्रमांक एफ १४९ होता, नवीला पी ४९ दिला. जुन्या खुकरीच्या जोडीदारणी किरपाण आणि कुठार, त्यांचीही नावं नव्या खुकरीच्या बहिणींना मिळाली. नवी खुकरी पुरी बत्तीस वर्षं चालली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि दीवला देण्यात आली. जिथे पहिली बुडाली, तिथल्याच किनाऱ्याला दुसरी लोकांना पाहायला उभी राहिली. माझ्या मते अपशकुनाला याहून सडेतोड उत्तर नाही. नवी किरपाण २०२३ मध्ये भारताने व्हिएतनामला भेट दिली.

समोरच्यांनीही तेच केलं. विक्रांतच्या शोधात आलेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडाली. चारच वर्षांनी पोर्तुगालकडून घेतलेल्या पाणबुडीला त्यांनी गाझी नाव ठेवलं. आता चीनकडून येणाऱ्या नव्या पाणबुड्यांच्या वर्गाचं नाव आहे हंगोर. शत्रूला आठवण करून देण्यासाठीही नाव वापरलं जातं.

अमेरिकेत तर हे भर युद्धात घडलं. विमानवाहू ‘लेक्सिंग्टन’ मे १९४२ मध्ये जपानी हल्ल्यात गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या ज्या गोदीत ती बांधली होती, तिथे दुसरी नौका ‘कॅबट’ या नावाने आकार घेत होती. कामगारांनीच मागणी केली की हिला लेक्सिंग्टन म्हणा. तसंच झालं. उलट उदाहरण जर्मनीचं: देशाचंच नाव असलेली ‘डॉइचलॅण्ड’ बुडाली तर काय बातमी होईल, या धास्तीने हिटलरच्या सरकारने तिचं नाव बदलून ‘ल्युत्सो’ करून टाकलं.

आपल्या पाणबुड्यांत हा सिलसिला सगळ्यात ठळक दिसतो. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर ही सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्यांची नावं माझगावात बांधलेल्या नव्या पाणबुड्यांना एकेक करून मिळाली. खांदेरी म्हणजे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये सिद्दी आणि इंग्रज दोघांच्या नाकावर टिच्चून तटबंदी घातलेलं अलिबागजवळचं बेट. करंज ऐकून आपल्याला वाशीमचं कारंजा लाड नाही तर वर्ध्याचं कारंजा घाडगे आठवेल, पण हे मुंबईजवळचं करंजा बेट. मार्च २०२१ मध्ये नवी करंज दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल शेखावत. १९७१ मध्ये जुन्या करंजचे कप्तान तेच होते.

डोंगरांची नावंही अशीच फिरली. माझगावात बांधलेली पहिली निलगिरी १९७२ मध्ये आली होती, नवी १५ जानेवारी २०२५ ला. तिच्या पाठोपाठ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विशाखापट्टणमला हिमगिरी आणि उदयगिरी एकाच दिवशी दाखल झाल्या. जुन्या सहाही ‘गिरी’ नावांना वारस मिळाले. सातवी महेंद्रगिरी तेवढी नव्या नावाची. सातपुड्याच्या नावाचीही युद्धनौका आहे, २०११ पासून. मेळघाटातल्या पोरांना हे सांगितलं की त्यांना आधी खरं वाटत नाही.

भरती झालेल्या पोराच्या घरच्यांचा आणखी एक गोंधळ होतो. पोरगा पहिल्या प्रशिक्षणाला ‘आयएनएस चिल्का’ला जातो. गावात बातमी पसरते की पोरगा जहाजावर गेला. चिल्का हे जहाज नाही, ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठचा तळ आहे. लोणावळ्याचं ‘आयएनएस शिवाजी’ही तसंच, समुद्रापासून लांब, घाटमाथ्यावर. ब्रिटिश रीतीप्रमाणे नौदलाच्या जमिनीवरच्या तळांनाही नौकेसारखंच नाव देतात. त्यामुळे पोराचा फोन आला की नुसतं ‘कुठं हायेस?’ विचारून भागत नाही. ते पाण्यावर आहे की जमिनीवर, हेही विचारावं लागतं.