जोएल चँडलर हॅरिस

(९ डिसेंबर १८४८ ? – ३ जुलै १९०८). अमेरिकन विनोदी लेखक, पत्रकार आणि दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या लोककथांचा संकलक. जन्म जॉर्जिया राज्यातील ईटनटन येथे. जन्मवर्ष जुन्या संदर्भग्रंथांत बहुधा १८४८ असे आढळते. काही अभ्यासक १८४५ मानतात. १८६२ पासून टर्नवोल्ड या मळ्यावर निघणाऱ्या ‘द कंट्रीमन’ या साप्ताहिकाच्या छापखान्यात उमेदवारी करीत असताना तेथील गुलामांच्या झोपड्यांतून ऐकलेल्या कथाच पुढे त्याच्या लेखनाचे भांडवल ठरल्या. सव्हॅना येथील पत्रकारितेनंतर पीतज्वराच्या साथीमुळे १८७६ मध्ये तो अटलांटाला आला आणि ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकात १९०० पर्यंत राहिला. अंकल रीमस या वृद्ध निवेदकाच्या तोंडी, बोलीभाषेत घातलेल्या ससेभाऊ व कोल्हेभाऊ यांच्या कथांचा पहिला संग्रह १८८० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला.

त्यांतील डांबराच्या बाहुलीच्या कथेचे (कोल्ह्याने ठेवलेल्या डांबराच्या बाहुलीला ससा चिकटतो) मूळ वादग्रस्त आहे. या कथा गुलामांनी मूळ अमेरिकन जमातींकडून उचलल्या, हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. पॉवेल याचे मत खुद्द हॅरिसलाच शंकास्पद वाटले होते. लोककथांचा अभ्यासक जोसेफ जेकब्ज याने १८९२ मध्ये बाहुलीच्या कथेचा संबंध पंचावुध जातकाशी (जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा) जोडला. त्या जातकात राजपुत्राची शस्त्रे चिकट केसांच्या यक्षाला चिकटतात आणि मग त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय व डोके अशी पाच अंगेही अडकतात. लोकसाहित्याचा अभ्यासक ऑरेलिओ एस्पिनोसा याने १९३० मध्ये असंख्य पाठभेद पडताळून भारतीय मूळच उचलून धरले. मात्र जातकाचा गद्यभाग सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचा मानतात, आणि त्यात कथेचा प्राण असलेली बाहुलीच नाही. उलट, पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांत अनान्सी हा कोळी डिंकाच्या बाहुलीला चिकटतो आणि आफ्रिकेतील बांटू भाषिकांच्या कथांतही धूर्त ससा आढळतो. त्यामुळे अमेरिकेत ही कथा आफ्रिकेतून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यापलीकडे भारताशी तिचे नाते असल्यास ते दूरचे असावे.

हॅरिसने कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. तोतरेपणा व भिडस्तपणा यांमुळे जाहीर वाचन त्याने टाळले. १८८२ मध्ये न्यू ऑर्लीन्सला मार्क ट्वेन समोर असतानाही तो वाचावयास उभा राहिला नाही. मळ्यावरील गुलामगिरीचे त्याने रंगविलेले सौम्य चित्र पुढे टीकेचा विषय झाले. ईटनटनमध्येच जन्मलेल्या कृष्णवर्णीय लेखिका ॲलिस वॉकर यांनी, आपल्या लोकांचा वारसा त्याने हिरावून घेतला, असा आक्षेप घेतला आहे. अटलांटातील त्याचे ‘रेन्स नेस्ट’ हे घर आज संग्रहालय आहे.