चौदा आणे

आमच्या पावसच्या बागेत आंबे काढायला सुरुवात झाली की काकी पडवीत बसकर टाकून बसते. काठीला जाळी लावलेल्या घळाने उतरवलेला एकेक हापूस हातात घेते, एकदा फिरवते आणि निकाल देते. "हा चौदा आणे. हा बारा, ठेव बाजूला." कोकणात आंब्याची तयारी अजून आण्यांतच मोजतात, सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार. लांबच्या बाजाराला पाठवायचा तर चौदा आणे तयार फळ लागतं.

तिने निवडलेले आंबे मी एकदा बादलीत सोडून पाहिले. तयार फळ पाण्यापेक्षा किंचित जड असतं म्हणून बुडतं, कोवळं तरंगतं. तिचे सगळे तळाला गेले. कशावरून ओळखतेस, असं विचारलं तर म्हणाली, देठाजवळचे खांदे भरलेले हवेत, हिरवा रंग थोडा निवळलेला हवा. पुढे तिला सांगता येईना. "त्यात काय मोठं? बघितलं की कळतं."

हे 'बघितलं की कळतं' मेंदूत वेगळ्या वाटेने साठतं. 1996 साली अमेरिकेत नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर या संशोधकांनी लोकांना चित्रांचे पत्ते दाखवून पाऊस की ऊन याचा अंदाज बांधायला लावला. ज्यांची स्मृती गेली होती तेसुद्धा सरावाने हे शिकले, पण त्या सरावाचे तपशील त्यांना नीट आठवेनात. पार्किन्सनच्या रुग्णांचं उलट झालं. त्यांना सराव आठवत होता, अंदाज मात्र सुधारला नाही. या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लियाचं काम बिघडतं, आणि सवयीचं ज्ञान मुरण्यात त्याच भागाचा मोठा वाटा असतो. हे ज्ञान शब्दांत उतरत नाही, म्हणून ज्याच्याकडे असतं त्याला ते ज्ञान वाटतच नाही.

पीटरसन आणि सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञांनी 2004 मध्ये माणसाच्या स्वभावातल्या 24 बलस्थानांची यादी केली. यादी चांगली आहे, पण तिच्यावरची प्रश्नावली ज्याची त्यानेच भरायची असते. काकी त्यात काय लिहिणार?

1999 च्या क्रूगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासातली एकच बाजू सगळीकडे सांगितली जाते, ती म्हणजे कच्च्या लोकांना स्वतःबद्दल फार वाटतं. मला दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. सगळ्यात हुशार गटाने स्वतःला कमी लेखलं होतं, कारण आपल्याला सोपं जातं ते सगळ्यांनाच जात असेल असं त्यांनी धरलं होतं. त्यांची कोणी स्तुती केली नाही. फक्त इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, तेव्हा त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला.

हे वाचल्यावर गेल्या मे महिन्यात मी पुतण्याला काकीशेजारी बसवलं आणि वीस आंबे निवडायला सांगितले. त्याने मन लावून निवडले. काकीने त्यातले सात बाहेर काढले, मग एक हातात धरून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"ह्याला हे दिसत नाही?" तिने मला विचारलं.

"मलाही दिसत नाही, काकी."