सीलिअ‍ॅक आजाराविषयी जनजागृती

गहू, सातू आणि राय या धान्यांतले ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्यातले अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे, म्हणजे रसांकुर, झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. हा सीलिअ‍ॅक आजार. तो गव्हाच्या अ‍ॅलर्जीहून वेगळा आहे. ग्लूटेन जन्मभर वर्ज्य करणे एवढाच त्यावर उपाय.

लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले. दोष गव्हाचा, हे मात्र डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दाखवून दिले. गी यांचा जन्मदिवस, 13 सप्टेंबर, अमेरिकेत जागृतीदिन म्हणून पाळतात. आंतरराष्ट्रीय दिवस 16 मेचा.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात या आजाराचे प्रमाण 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. जुलाब आणि फुगलेले पोट ही ओळखीची लक्षणे. पण कित्येकांना फक्त न हटणारा अ‍ॅनिमिया असतो किंवा मुलाची उंची खुंटते. मग वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या चालू राहतात. निदान रक्ततपासणी आणि आतड्याच्या बायॉप्सीने होते. तपासणीआधीच पोळी बंद केली तर निकाल फसवा येऊ शकतो. ही सूचना खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही, त्यामुळे भाकरीच्या घरात पथ्य सोपे वाटते. अडचण बारीकसारीक गोष्टींत आहे. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. प्रसादाचा शिरा तर रव्याचाच. ‘एवढ्याशाने काय होतंय, प्रसाद आहे’ असा आग्रह करणाऱ्या मावशी-आत्यांपर्यंत माहिती पोहोचवणे डॉक्टरांना समजावण्याइतकेच गरजेचे, कदाचित जास्तच. भारतीय नियमानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून ‘एवढंसं’ म्हणजे किती ते कळावे.

पिठाच्या गिरणीत ‘ज्वारीवर ज्वारीच टाका’ असे गिऱ्हाईक आजही सांगते, पण पीठ मिसळू नये एवढ्यापुरतेच. सीलिअ‍ॅक रुग्णाला तेवढ्याने भागत नाही. आधीचे गव्हाचे पीठ जात्याच्या दगडात नि पिशवीत उरतेच, म्हणून ज्यांना परवडते ते घरात वेगळी चक्की घेतात.