पाचोळ्यातली लाल टोपी ओळखायची कशी?

पावसाळा लागला की "ही कोणती अळंबी? खाता येते का?" असे प्रश्न फोटोंसकट येऊ लागतात. सह्याद्रीतल्या फोटोंत एक हमखास असते: ओल्या पाचोळ्यावर उभी, जेमतेम एक-दोन सेंटिमीटरची लालसर गुलाबी टोपी, तिच्यावर कडेपर्यंत चुण्या, खाली तारेसारखा चिवट काळपट देठ. ही बहुधा मरास्मियस हिमॅटोसेफॅलस. खाण्याजोगा गर तिच्यात नाहीच, ओळखण्याजोगं मात्र पुष्कळ आहे.

टोपीखालचे कल्ले, म्हणजे पात्यांसारखे पातळ पडदे, मोजके आणि विरळ असतात. अळंबी वाळवून पुन्हा भिजवा. मायसिनासारख्या नाजूक अळंब्या कुजून जातात, ही पुन्हा टवटवीत होते. मग टोपी काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाका. सकाळी कागदावर कल्ल्यांचा पांढरा ठसा दिसेल. तो बीजाणूंचा.

हे बीजाणू नुसते गळून पडत नाहीत, अळंबी ते उडवते! कल्ल्यावरच्या सूक्ष्म पेशींवर बीजाणू बारीक दांड्यांच्या टोकाशी बसलेले असतात. बीजाणूच्या बुडाशी शर्करायुक्त द्रव पाझरतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थेंब वाढू लागतो. शेजारी बीजाणूच्या अंगावरही पाण्याचा पातळ थर साचतो. थेंब त्या थराला टेकला की दोन्ही क्षणात एक होतात. पृष्ठताणात साठलेली ऊर्जा मोकळी होते, पाण्याचं वस्तुमान झपकन पुढे सरकतं आणि बीजाणू दांडीवरून सुटतो. वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास, पण हवेच्या रोधामुळे तो मिलिमीटरभरही जात नाही. तेवढंच हवं, कारण जास्त गेला तर समोरच्या कल्ल्याला चिकटेल. दोन कल्ल्यांच्या मध्ये थांबून तो सरळ खाली उतरतो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये काम करणाऱ्या आर्थर बुलर यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी याचा बारकाईने अभ्यास केला. त्या थेंबाला आज 'बुलरचा थेंब' म्हणतात.

चांदीचं नाणं काळं पडलं तरच अळंबी विषारी, ही समजूत जिवावर बेतू शकते. अमानिटा या अळंब्यांच्या गटातली घातक विषं चांदीवर कसलाही डाग पाडत नाहीत.

फोटोवरून फार तर प्रजाती, म्हणजे मरास्मियस हा जवळच्या जातींचा गट, कळते; नेमकी जात नाही. हिमॅटोसेफॅलस या नावाखाली एकमेकींशी मिळत्याजुळत्या अनेक जाती दडल्या आहेत. त्यामुळे अभ्यासक टोपीच्या सालीवरच्या बोटांसारखे उंचवटे असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, बीजाणूंची लांबी मोजतात आणि डीएनएही तपासतात.