'द स्पाय' (१९१७): एका हरवलेल्या हेरपटामागचा काळ

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स कंपनीचा 'द स्पाय' पडद्यावर झळकलासुद्धा. दिग्दर्शक रिचर्ड स्टँटन, नायक डस्टिन फार्नम. अमेरिकेत पेरलेल्या जर्मन हेरांची यादी मिळवायला एक अमेरिकन तरुण थेट जर्मनीत जातो, पकडला जातो, छळ सोसतो आणि शेवटी गोळ्या झेलतो, अशी ही कथा.

आज ती भडक वाटेल, पण तेव्हाच्या प्रेक्षकाने असले बरेच काही वर्तमानपत्रात वाचलेले होते. जुलै १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये जर्मन वकिलातीतले हाइनरिश आल्बर्ट यांना डुलकी लागली. जाग आली तशी घाईने उतरायला निघाले आणि बॅग बाकावरच राहिली. पाळतीवरच्या सीक्रेट सर्व्हिसच्या माणसाने ती उचलून धूम ठोकली! त्यातली कागदपत्रे ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क वर्ल्ड'ने छापली, आणि जर्मन पैसा अमेरिकेत गुपचूप कुठे मुरतोय ते चव्हाट्यावर आले. सिनेमातल्या यादीचे मूळ याच बॅगेत असावे, असा माझा तर्क.

पुढच्या वर्षी, ३० जुलैच्या पहाटे, न्यूयॉर्क बंदरातल्या ब्लॅक टॉम धक्क्यावर दोस्तराष्ट्रांसाठी ठेवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. मॅनहॅटनमधल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यालाही इजा झाली. तिच्या मशालीपर्यंत पर्यटकांना तेव्हापासून जाता येत नाही. आधी हा अपघातच मानला गेला. जर्मन हस्तकांवर ठपका ठेवणारा निवाडा यायला १९३९ उजाडले. मार्च १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची गुप्त तार छापून आली आणि मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावण्याचा बेत उघडा पडला. जर्मन नावाच्या शेजाऱ्याकडेही संशयाने बघितले जाऊ लागले. स्टुडिओंना आणखी काय हवे होते?

चित्रपट हरवला तो मात्र युद्धामुळे नव्हे. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही, आणि त्यांची नायट्रेट फिल्म तर सांभाळायलाच धोक्याची. ती कुजताना तापते, आपोआप पेटू शकते, आणि एकदा पेटली की पाण्यालाही दाद देत नाही. ९ जुलै १९३७ रोजी, ऐन उन्हाळ्यात, न्यू जर्सीतल्या लिटल फेरी इथल्या फॉक्सच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीच्या मूकपटांचा मोठा ठेवा जळाला. 'द स्पाय'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

नायट्रेटचा हा फटका पुण्यालाही बसला आहे. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जळाला.